कमरेएवढ्या पेट्या

मी बत्तीस वर्षं खेड्यांतल्या शाळांत शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं मी मुलांना मारलं. हे वाक्य मी पूर्वीही बोलत असे. पण तेव्हा त्यात ऐट असायची.

लिंबाचा ओला फोक. लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. दोन बोटांत पेन्सिल घालून वरून मूठ आवळणं. आणि यातलं काही जवळ नसलं की सरळ हात. माझा हात जड होता. बाईंची एक बसली की डोळ्यांपुढं काजवे येतात, असं मुलं आपसात म्हणायची. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पालक शाळेच्या दारात उभे राहून सांगायचे, "हाणा बाई, पण पास करा." माझा वर्ग पास व्हायचा. पुढे कायदा आला, मारणं बंद झालं, मी फोक कपाटावर टाकला. राग मात्र तसाच राहिला. माझा राग आधी हातात यायचा आणि मग डोक्यात.

निवृत्त झाले, हे गेले, आणि मागच्या वर्षी माझे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी बजावलं की खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वाकायचं तर अजिबात नाही. जालन्यात आमचं स्वतःचं घर आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, सात वर्षांची नात शाळेत. मी दिवसभर खुर्चीत. घरामागं मोकळी जागा होती, तिथं नुसता मुरूम आणि गवत. एके दिवशी सुनेनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी देशातल्या बायका उभ्या उभ्या, कमरेएवढ्या लाकडी पेट्यांतून भाजी काढत होत्या.

"आई, तुम्हाला असं काही करून घेऊ या का? वाकायला नको, आणि वेळही जाईल."

मी आयुष्यात एक झाड लावलेलं नव्हतं. शाळेत वृक्षारोपण असायचं तेव्हा खड्डे मुलं खणायची, मी फोटोला उभी राहायचे. पण ते बघून मला हुरूप आला. लाकडाला आमच्याकडं वाळवी लागते, आणि आमच्या शहरात लाकडापेक्षा लोखंड जवळ. मुलानं मला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेऊन सोडलं आणि तो कामाला गेला.

दुकानदार पस्तिशीचा होता. काळा चष्मा कपाळावर सारून तो माझी मापं ऐकत होता. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट खोल, खाली चार पाय, अशा तीन पेट्या. मी बोलले की तो मान वळवून उजवी बाजू माझ्याकडं करायचा. मग एकदम म्हणाला, "बाई, तुम्ही मला वळखलं न्हाई."

"किती मुलं शिकवली रे. कुठल्या गावचा तू?"

त्यानं परतूर तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव घेतलं. तिथं मी पाच वर्षं होते. "चौथीला व्हतो तुमच्या वर्गात. मंग तुमची बदली झाली."

मला आनंद झाला. जुने विद्यार्थी भेटले की मी एक ठरलेलं वाक्य बोलायची. त्यालाही तेच बोलले. "बघ, तेव्हा मार खाल्लास म्हणून आज स्वतःच्या पायावर उभा आहेस."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मार लई खाल्ला, बाई. ह्या कानानं मला ऐकू येत न्हाई." त्यानं डाव्या कानाला बोट लावलं.

"म्हणजे?"

"तुमची एक बसली व्हती. आत पडदा फाटला." जसं कुणी पत्र्याची जाडी सांगावी तसं त्यानं सांगितलं. मग खडू उचलला आणि पत्र्यावर रेघ मारत विचारलं, "रुंदी अडीचच ना?"

मी अडीच म्हटलं. रिक्षानं घरी आले. रस्ताभर आठवत होते. ती शाळा आठवली, गळकं छप्पर आठवलं, मुख्याध्यापकांची सायकल आठवली. हा मुलगा काही आठवेना. खरं सांगते, पहिल्यांदा मला पश्चात्ताप झाला नाही. मला वाटलं, खोटं बोलतोय. जन्मापासूनच बहिरा असेल आणि आता माझ्या नावावर खपवतोय.

आठवड्याभरानं तो पेट्या टेम्पोत घालून आला. एकट्यानं उतरवल्या, लेव्हल लावून सरळ उभ्या केल्या, तळाला पाणी निघून जायला भोकं पाडली. काम झाल्यावर घाम पुसत म्हणाला, "पत्रा तापतो, बाई. उन्हाळ्यात मुळ्या भाजून निघतात. आतून गोणपाट लावा अन् नुस्ती काळी माती भरू नका, निम्मं शेणखत अन् थोडी वाळू मिसळा. अन् पहिल्या साली चिवट झाडं घ्या. पानओवा, गवती चहा, कोरफड, सदाफुली. दोन-तीन दिवस पाणी न्हाई भेटलं तरी मरत न्हाईत. माझ्या आईच्या दारात लई हायेत. फांद्या आणून देऊ का?"

"आता तू मला शिकवणार का?" मी म्हणाले.

तो टेम्पोत बसून निघून गेला.

मी रोपवाटिकेतून पाच गुलाब आणले, टोमॅटो, ढोबळी मिरची, शेवंती, आणि कोथिंबिरीचं बी. ओळखीच्या एकाच्या शेतातली चांगली काळीभोर माती भरून घेतली. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, तरी टाकीतलं पाणी मी सकाळ-संध्याकाळ ओतत होते. वर चिखल आणि खाली मुळ्या कुजलेल्या. पाणी थांबवलं की तीच माती विटेसारखी आवळायची आणि तिला बोट जाईल अशा भेगा पडायच्या. मार्च संपता संपता पत्र्याला हात लावला की चटका बसायचा. कोथिंबीर उगवली आणि तीन दिवसांत पिवळी पडली. मिरचीची पानं चुरडून गोळा झाली. गुलाबावर मावा आला, पांढरे चिकट किडे आले. ते मी अंगठ्यानं चिरडायची. एकेक करून, दाबून, हिरवं पाणी निघेपर्यंत. त्यात माझा तासन्‌तास जायचा आणि मला ते आवडत होतं, हे लिहायला लाज वाटते.

एका दुपारी टोमॅटोचं झाड मुळासकट उपटलं आणि भिंतीवर आपटलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. हातात नुसता देठ उरला. मागं वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत सून उभी होती.

"आई, झाड आहे ते," ती म्हणाली.

"मग जगायला काय झालं त्याला?" मी ओरडले. "सगळं तर देत होते."

सगळं मेलं, एक गुलाब तेवढा राहिला. मे महिन्यात, एवढ्या उन्हात, त्याला एक कळी आली. गडद लाल. मी तिला दुपारी जुन्या साडीची सावली करायची. नऊ दिवस झाले, ती उमलायच्या बेतात होती.

रविवार होता. मी मागच्या जागेत, पेटीजवळ, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले होते. नात समोर येऊन उभी राहिली. "आजी, बघ ना." तिच्या हातात बाटलीचं झाकण होतं, झाकणात पाणी आणि पाण्यात ती कळी, देठ कात्रीनं अगदी नीट कापलेला.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. ज्या गुडघ्यांवर उठायला मला एरवी दोन्ही हातांचा आधार लागतो, त्याच गुडघ्यांवर मी उठले. हात पूर्ण मागं गेला आणि आला. ती बाजूला फेकली गेली आणि तिचं डोकं पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. पत्रा वाजला.

ती रडली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती खाली बसली, गोळा होऊन, अंग चोरून. भुवईच्या वर कातडी उघडली होती. रक्त डोळ्यात, मग हनुवटीवर, मग फ्रॉकवर. मला तिच्याजवळ खाली बसता येईना. माझे गुडघे वाकतच नव्हते. मी तिच्यावर ओणवी उभी राहिले आणि तिला वाटलं मी पुन्हा मारतेय. तिनं डोकं आणखी खाली घातलं. तेवढ्यात सून धावत आली, तिनं मला कोपरानं ढकललं आणि पोरीला उचललं.

दवाखान्यात पाच टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं गं, बाळ?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. "मी पडले."

"कुणी ढकललं का?"

"नाही. मीच पडले."

सून आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होते.

घरी आल्यावर पोरीला झोपवून सून बाहेरच्या खोलीत आली. मुलगाही तिथंच होता. तिचा आवाज चढला नव्हता. "आई, तिच्या गालावर बोटं उमटलीत. चार. आणि ती डॉक्टरांशी खोटं बोलली. तुम्हाला वाचवायला. सात वर्षांची आहे ती."

मी म्हणाले, "झालं एकदा. माझ्या हातून एवढे शिकून गेले—"

"मलापण मारायची ही," मुलगा मध्येच म्हणाला. तो माझ्याशी नव्हे, बायकोशी बोलत होता, जणू मी तिथं नव्हतेच. "पाठीवर मोजपट्टी मोडली होती माझ्या. मग नवी आणायला मलाच पाठवलं होतं."

हे मला आठवत होतं. पट्टी आणायला पाठवलं होतं हेसुद्धा.

दहा दिवसांच्या आत त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं घर घेतलं. सामान गेलं. जाताना सुनेनं फ्रिजमध्ये दोन दिवसांची भाजी करून ठेवली होती. नात फाटकाबाहेर रिक्षात बसून होती. कपाळावर पांढरी पट्टी. तिनं हात हलवला नाही आणि मीही हलवला नाही.

रिक्षा वळली तशी मी मागच्या जागेत गेले. कोपऱ्यात जुनी पहार उभी होती. ती उचलून मी पेटीवर घातली. पहिला घाव घसरला आणि मनगटात कळ गेली. दुसरा बसला. पत्रा आत गेला. मग मी मोजलं नाही. ज्या कोपऱ्यावर तिचं डोकं आपटलं होतं तिथं मी घाव घालत राहिले, वेल्डिंगचा सांधा उघडेपर्यंत, आतली माती ढेकळं होऊन पायांवर पडेपर्यंत. गुलाबाची मुळं मातीबरोबर खाली आली, ती मी चपलेनं तुडवली. तळहाताला फोड आले, फुटले, पहारीला रक्त लागलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी हाक मारली, "काकू, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पेटी मोडतेय." ते ऐकून मला हसू फुटलं आणि मी पहार टाकून दिली.

चार दिवस ती माती तशीच पडून होती. पाचव्या दिवशी मी वेल्डिंगवाल्याला फोन केला. मनगट सुजलेलं होतं, डाव्या हातानं नंबर लावला.

तो आला, पेटीभोवती एक फेरी मारली. "गाडी धडकली का काय?"

"मी फोडली. पहारीनं."

"का?"

त्याला सांगण्याचं काही कारण नव्हतं. पण घरात पाच दिवस कुणाशी बोलले नव्हते. मी सांगितलं. कळी, हात, कोपरा, टाके. तो ऐकता ऐकता पुढं येत गेला, उजवा कान माझ्याकडं करून.

"कानाला लागलं का तिच्या?"

"भुवईला लागलं. पाच टाके—"

"कान, बाई! तुमचा हात कुठं बसला व्हता? कानावर बसला का?"

"गालावर… कानापाशी."

"डॉक्टरनं कान पाह्यला का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं पेटीला अशी लाथ घातली की ती कलंडून आडवी झाली. "फोन लावा. आत्ता लावा पोराला. कानाचा डॉक्टर, जल्दी. दुखत नसंल तरी दाखवा म्हणावं. बिलकुल थांबू नका!" तो ओरडत होता. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मला वाटलं, हा आता मला मारणार. मी भिंतीला टेकले आणि मुलाला फोन लावला.

दीड-दोन तासांनी मुलाचा फोन आला. कान ठीक होता. तोवर वेल्डिंगवाला गेला नव्हता. आडव्या पेटीवर बसून होता, आणि मला फोन येताच उठून उभा राहिला. "ठीक आहे म्हणाले," मी सांगितलं, तेव्हा तो पुन्हा खाली बसला. मग बोलू लागला.

"तेराचा पाढा व्हता. तेर सक्कं मला आठवंना. तुम्ही मागून आल्त्या. मला वाटलं वीज पडली. मंग दोन दिवस कानात शिट्टी वाजत राह्यली. घरी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर बापानं पुन्हा हाणलं असतं, की पाढा का न्हाई आला. मंग ठणका लागला. आईनं तेलात लसूण टाकून तेल गरम केलं अन् कानात घातलं. त्या रातीपासून पू सुरू झाला. गावभर बोभाटा झाला की हिनं उकळतं तेल घालून पोराचा कान जाळला. बाप मरेपर्यंत तिला तेच म्हणून मारायचा."

माझी नजर त्याच्या डाव्या कानावर गेली.

"वीस वर्षांचा झालो तवा फौजेच्या भरतीला गेल्तो. पळण्यात पास, छातीत पास. डॉक्टरनं बॅटरी मारून कानात पाह्यलं अन् रांगेतून बाहेर काढलं. घरी आलो तर आई दारात बसून स्वतःचं थोबाड बडवत व्हती. तवा मी तिला खरं सांगितलं. बाईनं मारलं व्हतं, तेलानं न्हाई. तिला पटंना. म्हणती, माझं मन राखायला सांगून राह्यला."

"मला माफ कर," मी म्हणाले. मी हे कधी कुणाला म्हटलं नव्हतं आणि शब्द तोंडात बरोबर बसले नाहीत.

"माफी घेऊन काय करू मी, बाई? कानात घालू का?" तो उठला. "माझ्या आईला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. मंग पेटी जोडून देतो."

दुसऱ्याच दिवशी त्याच्या टेम्पोत बसून मी निघाले. त्याची आई आता आष्टीत राहते, बाजारापलीकडं दोन खोल्यांत. परतूर मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं होती, पेरणीला अजून अवकाश होता. तो रस्त्यावर नजर ठेवून टेम्पो चालवत होता. मी मनात वाक्यं जुळवत होते. तिनं विचारलं तर सांगायचं की हो, आठवतं, चांगलं आठवतं. एवढं तर तिला द्यायला हवं, असं मी ठरवलं होतं.

म्हातारी दारात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. बारीक, काळी, कपाळावर गोंदण. मागं फुटक्या घमेल्यांत आणि तेलाच्या डब्यांत पानओवा, कोरफड, गवती चहा माजलेला. तिचा मुलगा म्हणाला, "आई, ह्या माझ्या शाळेतल्या बाई."

ती लगबगीनं उठली, पदर सावरला, माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरले. "बाई, बसा ना. लेकराला चार अक्षरं तुमच्यामुळं आली. पाणी आणते."

तिनं तांब्या आणला. मी तो घेतला नाही. मला खाली बसता येत नव्हतं, म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. "तुमच्या मुलाचा कान तेलानं गेला नाही. मी मारलं होतं त्याला. आतला पडदा फाटला होता. तेल नंतरचं आहे. तुमची काही चूक नव्हती."

तिनं मुलाकडं बघितलं. "तू पढवून आणलं ह्यांना."

"न्हाई, आई."

ती माझ्याकडं वळली. "कशापायी मारलं?"

"पाढा आला नाही म्हणून."

"मंग रडला का तो? काय केलं त्यानं? कुठं बसला व्हता? तुम्हाला आठवत असंल ना, बाई."

ठरवलेलं उत्तर तोंडात होतं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, एकटक, आणि मला खोटं बोलवलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "मला आठवत नाही. खूप मुलांना मारलं मी. हा आठवत नाही."

"आठवत न्हाई?"

"नाही."

तांब्या तिच्या हातून सुटला. तिनं मला मारलं. तिचा हात लहान आणि हाडाचा होता. माझा चष्मा उडून भिंतीवर आदळला. दुसरी कानशिलात बसली. मग तिनं सूप उचललं आणि त्याच्या कडेनं माझ्या खांद्यावर, मानेवर, वर केलेल्या कोपरावर घाव घातले. कोपर मी मुद्दाम वर केलं नव्हतं, ते आपोआपच गेलं. डाळ सगळीकडं उडाली. "सटवे! पंचवीस साल! नवरा मरेपर्यंत त्याचा मार खाल्ला म्या त्या तेलापायी! नातवंडाच्या कानाला हात लावला न्हाई कधी! अन् तुला आठवत न्हाई?" सूप मोडलं तेव्हा ती दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारू लागली. मी भिंतीला लागून खाली घसरत गेले आणि गुडघ्यातून अशी कळ आली की मी किंचाळले. शेजारच्या बायका दारांत जमल्या होत्या. कुणी पुढं आलं नाही. तिचा मुलगाही आला नाही. तो हात बांधून उभा होता, आणि मला त्याचा राग आला नाही.

मग त्यानं तिला मागून कवेत धरलं. ती त्याच्या हातांतच खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडू लागली. "तेल न्हवतं रे… तेल न्हवतं…" एवढंच, पुन्हा पुन्हा. मी तिथंच पडून होते. चष्म्याची एक काच राहिली होती. शेवटी शेजारच्या एका बाईनं मला काखेत धरून उभं केलं, टेम्पोपर्यंत आणलं, आणि आत बसवून दार लावलं.

दोन दिवसांनी तो पेटी जोडायला आला. माझ्या मानेवर काळेनिळे वळ होते. ते त्यानं बघितले आणि कामाला लागला. दबलेला पत्रा मागून ठोकून सरळ केला, सांधा भरला, चारही कोपऱ्यांवर वाकवलेली नळी बसवली. ते मी सांगितलं नव्हतं. आतून गोणपाट लावलं, सांडलेल्या मातीत शेणखत आणि वाळू मिसळून ती भरली. मग टेम्पोतून ओल्या पोत्यात गुंडाळलेली मोळी काढली. पानओव्याच्या फांद्या, गवती चहाची ठोंबं, कोरफडीची पिल्लं.

"पेटी रिकामी राह्यली की गंजते," तो म्हणाला आणि बोटानं खड्डे करत फांद्या खोचू लागला.

"आई कशी आहे?"

"झोप लागती तिला आता." हात झटकून तो उठला. "मी आता येणार न्हाई, बाई. काही तुटलं तर दुसरा कोणी बघा."

तो खरंच पुन्हा आला नाही.

झाडं लागली. पानओव्याला आठवड्यात नवी पानं फुटली. गवती चहा पावसाळ्यात छातीएवढा झाला. सदाफुली मी लावलीच नव्हती, शेणखतातून कुठून तरी बी आलं आणि ती आपोआप उगवली. तिसऱ्या पेटीत कढीपत्त्याचं एक रोप लावलं आणि त्याला हात लावला नाही. तीन दिवसांतून एकदा पाणी. किडे नाहीत, फवारा नाही. मला करायला काही उरलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जड गेलं. सकाळी बाहेर यायचं, माती बोटानं चाचपायची आणि परत खुर्चीत बसायचं.

दिवाळीनंतर सून रविवारी नातीला घेऊन यायला लागली. तिनं एक अट घातली आहे. पोरगी माझ्याजवळ एकटी राहणार नाही. सून खुर्ची घेऊन मागच्या जागेत बसते, फोनवर तिचं काम करते आणि दर मिनिटाला मान वर करते. नातीच्या भुवईवर पांढरी रेघ आहे, तिथं केस येत नाहीत. ती पेटीच्या त्या बाजूला उभी राहते, मी या बाजूला. ओव्याची पानं ती तोडते, मी भजी करते. पहिल्या रविवारी मी पीठ लागलेला हात पुसायला टॉवेल उचलला, तर ती दोन पावलं मागं गेली. आता एकच पाऊल जाते.

आष्टीची म्हातारी काही गप्प बसली नाही. ती बाजारात सांगते, लग्नात सांगते, त्या खेड्यातल्या प्रत्येकाला सांगते की अमक्या बाईनं माझ्या पोराचा कान फोडला. निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत माझ्या शेजारची खुर्ची दोनदा रिकामी राहिली. एका जुन्या सहकारी बाईंनी फोन करून सांगितलं, "तुम्ही कबूल कशाला करत बसलात? कोण विचारणार होतं?"

मागच्या आठवड्यात मी गवती चहाची वाळलेली पाती कापत होते, तर फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडं एक बाई, आवाजावरून चाळिशीच्या आतली असेल.

"बाई, मी पण होते तुमच्या वर्गात. त्याच शाळेत. मला ओळखलं का?"

मी नाही म्हटलं.

मागं प्रेशर कुकरची शिट्टी झाली, ती तिनं होऊ दिली. "मग मी सांगू का?"

कात्री पेटीत ठेवून मी खुर्ची ओढली आणि बसले. "सांग," मी म्हणाले.